रांगेतली पहिली जागा

ही गोष्ट सांगायचे मी इतकी वर्षे टाळत आलो. माझ्या आजारपणाचा विषय निघाला की मी तापाबद्दल बोलायचो, तापावरच्या कोयनेलच्या कडूपणाबद्दल बोलायचो, इस्पितळातल्या खाटांबद्दल बोलायचो, आणि जिथे माझा धाकटा भाऊ जोमा या गोष्टीत येतो तिथे तंबाखूची चंची उघडायचो. ऐकणाऱ्याला वाटायचे, म्हातारा दमला.

आता आमच्या कोपरी गावात, दोन घरे सोडून, एका तरुण माणसाला तोच ताप येऊन गेला आहे. ताप उतरला, पण माणूस उठत नाही, आणि घरचे त्याला टोमणे मारू लागले आहेत. काल मी त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो. त्याने विचारले, "बाबा, तुमाला पन आसंच झालेलं का?" मी हो म्हणालो. पण अर्धेच सांगून परत आलो. उरलेले अर्धे इथे लिहितो. सरकारी शाळेत मी तीन बुके शिकलो, त्याच्याच जोरावर पुढे मिठागरावर मुकादमी केली, तेव्हा लिहिणे मला अवघड नाही. अवघड आहे ते दुसरेच.

माझ्या भावाला सारी कोपरी कामचुकार म्हणत आली. पुढे तो आंबिवलीला गेला तर ते नावही त्याच्या मागोमाग तिथे गेले. त्याच्या मुलालाही लोक अधूनमधून त्यावरून हसतात. ते नाव त्याला मी दिले. ते खोटे होते, आणि देताना ते खोटे आहे हे मला माहीत होते.

*

आधी आमचे काम सांगतो, नाहीतर पुढचे कळायचे नाही.

पावसाळा सरला की खाडीकाठच्या मिठागरातले पावसाचे पाणी काढून टाकतात. मग वाफ्यांच्या तळाचा चिखल पायांनी तुडवून तुडवून घोटतात. तळ घट्ट आणि गुळगुळीत झाला तरच मीठ पांढरे येते, नाहीतर मातीसकट खरवडले जाते. ही तुडवणी रांगेने होते. मागच्याचा हात पुढच्याच्या खांद्यावर, आणि सगळ्यांचे पाऊल एका वेळी. बांधावर एक जण बसून पावले मोजतो. तो जसा मोजील तशी रांग चालते, तो थांबला की रांग थांबते.

रांगेतली जागा माणसाची नसायची, घराची असायची. हंगामाचा पहिला वाफा ज्या घराच्या माणसाने पुरा केला त्या घराची जागा वर्षभर पक्की. मग पुढे बदली माणूस दिला तरी चालायचे. पण पहिल्या वाफ्याला घरचाच माणूस लागे, आणि त्याने तो अर्ध्यात सोडला तर जागा दुसऱ्या घराला जायची. एकदा गेलेली जागा परत आलेली मी पाहिली नाही.

रांगेतली पहिली जागा आमच्या घराची होती. आजोबांची, मग बापाची, बाप गेल्यावर माझी. पहिल्या जागेचा माणूस बाजारात चालला तरी लोक ओळखत. मला त्याचा माज होता. होता तर होता म्हणून लिहितो.

*

त्या वर्षी भाद्रपदात मला तिजारीचा ताप आला. एक दिवस चांगला, दुसऱ्या दिवशी दुपार कलायच्या आत थंडी. दोन गोधड्या घालून वर बायको बसायची तरी मी तिला हलवायचो. मग आग, मग घाम, आणि मग ओल्या चिंधीसारखे पडून राहणे. असे सात-आठ वेळा झाले. आईने अंगारा लावला, दृष्ट काढली, कोंबडे दिले. ताप आपल्या दिवशी आपल्या वेळेला येतच राहिला.

तापाची मला भीती वाटली नाही. तो येतो, जातो, दिसतो. त्याच्या मागून जे आले त्याची भीती वाटली. एका चांगल्या दिवशी मी पाण्याचा तांब्या उचलायला गेलो आणि तो मला उचलेना. ज्या हातांनी मी मिठाच्या पाट्या वाहिल्या त्यांनी तांब्या अर्ध्यावर नेला आणि खाली ठेवला. हात दुखत नव्हता. नुसते हातात कोणी नव्हते. मी इकडेतिकडे पाहिले, कोणी बघत तर नाही ना. जोमा दारात उभा होता. त्याने तांब्या उचलून माझ्या तोंडाला लावला. एका हाताने. तहान भागली, पण तो एक हात मी विसरलो नाही.

जोमा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. तोवर मी त्याच्याकडे नीट पाहिलेही नव्हते. रांगेत तो माझ्या मागे चौथा असायचा, दुसऱ्या घराचा बदली म्हणून. दिसायला सुकट, पण हाडाचा चिवट. लवकर हसणारा.

*

शेवटी त्यानेच मला इस्पितळात नेले. आई रडत होती. आमच्या आळीत इस्पितळ म्हणजे तिरडीच्या आधीचा मुक्काम असे समजत. बैलगाडी मिळेना तेव्हा जोमाने मला पाठुंगळी घेतले आणि आगगाडीचे रूळ ओलांडून गावात चालत नेले. वाटेत म्हणाला, "दादूस, तू लय हलका झालास. आय उगाच रडते, तुना तर वारा पन घेऊन जाईल."

त्याला हसवायचे होते. मी त्याच्या पाठीवर कान टेकून त्याचा श्वास ऐकत होतो. इतके चालून तो वाढलाही नव्हता. मला आठवते, त्या वेळी मला वाटले की हा श्वास माझा होता आणि याने तो घेतला आहे. इतका वेडा विचार माणसाच्या मनात येतो हे मला तोवर माहीत नव्हते.

डॉक्टरने मला आडवे केले आणि डाव्या बरगडीखाली बोटे दाबली. तिथे काहीतरी टणक होते, मलाही कळले.

"पाणथरी वाढली आहे, प्लीहा," डॉक्टर म्हणाला. "रक्त राहिलेले नाही अंगात. इथे ठेवा."

"बरा होईल ना, साहेब?" जोमाने विचारले.

"ताप जाईल. ताकद आपल्या पायांनी येईल. घाई केली तर येणार नाही." मग जोमाकडे बघून म्हणाला, "घरात आणखी कोणाला थंडी वाजून आली तर लगेच आणा. तुम्ही सारे त्याच खाडीवर राहता."

"मना काय होतंय," जोमा म्हणाला.

हे शेवटचे वाक्य मी पुढे पुष्कळ वेळा आठवले आहे.

*

इस्पितळात तीन आठवडे होतो. सकाळी कोयनेल, मग पेज, मग वाट बघणे. इस्पितळातला मुख्य उद्योग वाट बघणे हाच. डॉक्टरची वाट, उन्हाची वाट, घरच्यांची वाट. तिथे एक म्हातारा वॉर्डबॉय होता. कोयनेल घेतल्यावर मी तोंड वेडेवाकडे करायचो म्हणून तो मुठीत लपवून गुळाचा खडा आणायचा आणि भिंतीकडे बघत माझ्या हातावर ठेवायचा. एकदा मी त्याला विचारले, असे का करता. तो म्हणाला, "तुमी लई शिव्या देता कोयनेलला. बाकीच्यांना तरास होतो." त्या खड्याएवढे गोड मी नंतर काही खाल्ले नाही.

पेज जोमा आणायचा. काम आटोपून, पाय न धुता, चिखल वाळलेल्या पोटऱ्यांनी तो यायचा आणि खाटेच्या टोकाला बसायचा. त्याच्या अंगाला खाडीचा वास असायचा. मी डोळे मिटून तो वास घ्यायचो आणि मला त्याचा राग यायचा. त्याचे पाय दिसले की माझ्या पायांची शरम वाटायची. ते चादरीखाली बोरूसारखे पडलेले असायचे. तो बोलता बोलता भिंतीला टेकून डोळा लागू द्यायचा. इतक्या सहज. माझे अंग रात्रंदिवस थकलेले, आणि मला झोप म्हणून नव्हती. थकणे आणि झोप येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे निरोग्याला सांगून पटत नाही.

एक दिवस तो म्हणाला, "दादूस, शेठनं मना पयल्या जागेवर उभं राहाया सांगितलंय. तुडवनी लागंल आता."

मी पेजेचे भांडे बाजूला सारले.

"ती जागा म्हनजे..." त्याने सुरुवात केली.

मी भिंतीकडे तोंड केले. म्हणालो, "मला झोप आलीये."

तो भांडे उचलून गेला. त्याला काय सांगायचे होते ते मी ऐकून घेतले असते तर हे लिहायची वेळ आली नसती.

*

घरी आलो तेव्हा ताप गेला होता. आळीतले येऊन बघून गेले आणि म्हणाले, आता काय, बरा झालास. मीही हो म्हणायचो. उठून ओट्यापर्यंत गेलो की तिथेच बसायचो. ओट्यावरून परत आत यायचे म्हणजे खाडीपलीकडच्या कळव्याला पोहत जाण्याइतके लांब वाटायचे. बायको पार्वती समजूतदार. ती माझ्यासाठी वाटेत एक पाट ठेवायची, मधे बसायला, आणि कोणी विचारले तर म्हणायची की वाळवण घालायला ठेवलाय.

पण घर बदलले होते. आधी जेवायला बसलो की मासळीचा मधला तुकडा माझ्या ताटात पडायचा. राबणाऱ्याला मधला तुकडा, ही आमच्या आईची रीत. आता तो जोमाच्या ताटात पडू लागला. मला डोके आणि रस. आजाऱ्याला हलके बरे, असे आई म्हणायची, आणि ते खरेही होते. पण मी त्या तुकड्याकडे बघायचो. जोमाने एकदा ते पाहिले आणि तुकडा उचलून माझ्या ताटात टाकला. मी तो तसाच ठेवून उठलो.

पार्वती त्याच्या बोलण्यावर हसायची. "भावजी, तुमी आज रेड्यासारखे चिखलात लोळून आलात का?" "वयनी, रेडा बरा, त्याला कोनी मोजत नाय." साधे बोलणे. मी आत पडून ऐकायचो आणि दात आवळायचो. माझी जागा, माझा तुकडा, माझ्या बायकोचे हसणे. अशी यादी मी पडल्या पडल्या करायचो. आजारात माणसाला दुसरे कामच नसते.

आता एक गोष्ट लिहितो जी मला सगळ्यात जास्त लाजवते. माझ्याकडे एकच गोष्ट उरली होती जी जोमाकडे नव्हती. थकवा. घरात थकलेला मी होतो. माझ्यासाठी पाट होता, माझ्यासाठी आई हळू बोलायची. आणि एक दिवस जोमा कामावरून आला, ओट्यावर बसला आणि म्हणाला, "आय, आज मना पन दमल्यासारखं होतंय. पाय उचलत नाय."

आई लगेच ऊन पाणी घेऊन आली. त्याची बायको भीमा त्याचे पाय चोळू लागली. पार्वतीसुद्धा हातातले टाकून बाहेर गेली. मी आत एकटा राहिलो.

मी आतून म्हणालो, "दोन दिवस पुढे उभा राहायची नुसती वार्ता आली तर दमला. काम चुकवायला माझं आजारपण बरं सापडलंय याला."

बाहेर जोमा हसला. "आयकलंस, आय? दादूस बरा झाला. शिव्या द्यायला लागला."

त्यानंतर त्याने घरात कधी दमल्याचे नाव काढले नाही.

*

तुडवणीचा पहिला दिवस आला. पावले मोजायला दरवर्षी धर्माकाका बसायचे, रांगेतले सगळ्यात जुने माणूस. त्या वर्षी त्यांनी मला बांधावर बसवले. म्हणाले, "पायानं नाय तर तोंडानं तरी तू पुढं राहा." मला हाताला धरून आणले, गोणपाटावर बसवले. शेठने नारळ फोडला. जोमा पहिल्या जागेवर उभा राहिला, त्याच्या खांद्यावर मागच्याचा हात पडला, आणि मी मोजायला लागलो.

पहिले काही फेरे मी त्याचे पाऊल बघत होतो, चूक शोधायला. चूक नव्हती. तो चांगला चालवत होता. माझ्यापेक्षा चांगला, हेही लिहून टाकतो. माझ्या वेळेला मागचे ओढले जायचे, त्याच्यामागे ते आपोआप जात होते. धर्माकाका माझ्या शेजारी बसून मान हलवत होते. ती मान माझ्यासाठी कधी हललेली मला आठवेना.

ऊन वर आले. वाफा पाऊण झाला असेल. तेव्हा मला ते दिसले.

वळताना त्याने एक हात गुडघ्यावर टेकला. क्षणभरच. पाऊल उचलण्याआधी त्याने पायाकडे पाहिले, जणू पायाला विचारावे लागत होते. ओठ पांढरे पडले होते आणि तो ते चावत होता. उन्हात घाम सगळ्यांना होता. त्याच्या हातांवर काटा होता. तिथे बसलेल्या कोणालाही हे कळण्यासारखे नव्हते. मला कळले. कारण तांब्या खाली ठेवताना मी तसेच पाहिले होते माझ्या हाताकडे. खोटा थकवा कसा दिसतो ते मला माहीत नाही, पण खरा थकवा कसा दिसतो ते त्या मिठागरावर माझ्याइतके कोणाला माहीत नव्हते.

मी मोजणे थांबवले असते तर रांग थांबली असती. पाणी प्यायला म्हणून मोजणारा थांबतो, त्यात काही नवल नाही. जोमाने माझ्याकडे पाहिले. त्याला वाटले असेल, दादूसला कळेल.

मी मोजण्याचा वेग वाढवला.

किती फेरे झाले ते मी मोजलेले असूनही मला सांगता येत नाही. तो गुडघ्यांवर आला, मग कुशीवर. मागची रांग अडखळून एकमेकांवर आली. कोणीतरी ओरडले, काय झाले.

मी बांधावरून मोठ्याने म्हणालो, "काही नाही झालं त्याला. सोंग आहे. सवयच आहे त्याची, कामचुकार."

कोणीतरी हसले. मग बाकीचेही हसले. गोंधळात माणसांना हसायला काही तरी हवेच असते. आणि मी उठलो. ज्याला ओट्यावरून घरात जाता येत नव्हते तो मी धोतर खोचून चिखलात उतरलो, पहिल्या जागेवर उभा राहिलो आणि उरलेले फेरे पुरे केले. अंगात कुठून जोर आला ते मी जाणतो. द्वेषाला फार ताकद असते. टिकत नाही, पण वाफ्याच्या कडेपर्यंत पोचवते.

लोकांनी मला उचलून बांधावर आणले. शेठ म्हणाला, "याला म्हणतात पहिल्या जागेचा माणूस. आजारातून उठून उतरला." जोमाला बांधावरून धावत आलेल्या भीमाने आणि धर्माकाकांनी धरून नेले. जाताना तो माझ्याजवळ थांबला. त्याचे दात वाजत होते.

"झाला का पुरा?" त्याने विचारले.

"झाला," मी म्हणालो.

"बरं झालं," तो म्हणाला.

मला तो टोमणा वाटला.

*

त्या दिवसाच्या पराक्रमाने मी पुन्हा अंथरूण धरले ते होळीपर्यंत. पण मी बरा झालो. जोमाचा ताप उशिरा ओळखला गेला, कारण आधी सगळे हसण्यात होते. इस्पितळात त्याला नेले तेव्हा पाणथरी माझ्यापेक्षा मोठी होती. तो जगला. पुन्हा कधी पुरता उठला नाही. वर्षभराने भीमा त्याला आपल्या माहेरी, आंबिवलीला घेऊन गेली. तिकडे भाताची जमीन होती आणि तिच्या भावांना राखणीला माणूस हवा होता. मी त्यांना कल्याणपर्यंत आगगाडीने सोडायला जायला हवे होते. माझी पाठ दुखत होती, असे मी सांगितले.

पुढच्या हंगामाला मी पहिल्या जागेवर उभा राहिलो. धर्माकाका बांधावर होते. दिवस संपल्यावर ते माझ्याजवळ पाय धूत बसले आणि सहज बोलल्यासारखे म्हणाले, "जागा राहिली तुझी. जोमानं ठेवली म्हणून."

मी म्हणालो, "त्याने कसली ठेवली? घ्यायला बघत होता."

काकांनी पाय धुणे थांबवले. "त्या दिवशी सकाळी त्याला हीव भरलेलं. तापाच्या चार पाळ्या झालेल्या तोवर, घरात बोलला नाय. मी त्याला बोललो, परत जा. तर बोलला, काका, आमच्या घरात उभा राहाया दुसरा कोन हाय? मी बसलो तर जागा जाईल. दादूस बरा होऊन आला की कुठं उभा राहील?" मग म्हणाले, "तू मोजत व्हतास. तुना कसं दिसलं नाय?"

मला दिसले होते. मी काकांना तेही सांगितले नाही.

*

ज्यांना हा आजार होईल त्यांना मला एवढेच सांगायचे आहे. ताप उतरल्यावर उठायची घाई करू नका आणि थकव्याची लाज धरू नका. तो खराच असतो, कोणाला दिसो न दिसो. दिवसाला दहा पावले वाढवा, मधे पाट ठेवा. गूळ खा. आणि तुमच्या उशाशी बसणाऱ्याचा मत्सर वाटला तर वाटू द्या, आजाऱ्याला तो वाटतोच. आपण खाटेवर आणि तो उभा, एवढे कारण पुरते. पण तो वाटतो आहे हे स्वतःशी कबूल करा. मी कबूल केले नाही, म्हणून तो माझ्या तोंडाने मोजत राहिला.

घरच्यांना सांगतो: एक जण खाटेवर असला की त्याचे काम कोण ओढतो आहे तिकडे बघा. तो दमल्याचे एकदाच सांगेल.

*

मी आंबिवलीला एकदाच गेलो. मधे बरीच वर्षे गेली होती, आई गेली होती. बोलायचे ठरवूनच निघालो. गाडीत कल्याणपर्यंत मनात वाक्ये जुळवत होतो, पुढे चालताना ती पाठ झाली.

जोमा ओट्यावर पडला होता. मला बघून उठला, भिंतीला धरून. "दादूस," म्हणाला, "एवढं चालत आलास? बस. दमला आसशील." आणि तो स्वतः आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आला. दोन्ही हातांनी. तांब्यातले पाणी हलत होते.

मी पाणी प्यालो. पावसाचे बोललो, भाताचे बोललो, खाडीत मासळी कमी झाल्याचे बोललो. भीमाने जेवायला वाढले. मधला तुकडा माझ्या ताटात होता. जोमा हसून म्हणाला, "घे आता. राबनारा तूच हायस."

निघताना तो मला सोडायला आला, वळणापर्यंत. तिथे एक दगड होता, त्यावर बसला. म्हणाला, "मी हितनंच बगतो. तू जा." त्या दगडाचा खालचा भाग झिजून गुळगुळीत झाला होता. तो नेहमी तिथवरच येत असणार. मी त्याच्यासमोर उभा राहिलो. वाक्ये तोंडात होती. त्याने मान वर करून पाहिले, अगदी तसेच, वाफ्यातून पाहिले होते तसे.

मी म्हणालो, "पाऊस येईल. जा घरी."

पुढच्या पावसाळ्यानंतर तो गेला. तेराव्याला मी गेलो होतो. पंगत उठल्यावर त्याचा एक मेहुणा, मनाने चांगला माणूस, माझ्या शेजारी सुपारी कातरत म्हणाला, "जोमाभाऊ स्वभावानं गरीब. जरा अंग चोरायचे कामाला, एवढंच." पलीकडे जोमाचा मुलगा पत्रावळी उचलत होता. त्याने ऐकले. त्याने माझ्याकडे पाहिले, काका काही म्हणतात का म्हणून.

मी सुपारी तोंडात टाकली.

म्हणून हे लिहिले. त्या मुलाने वाचावे, मेहुण्याने वाचावे, कोपरीत आणि आंबिवलीत ज्याला वाचता येते त्याने न येणाऱ्याला वाचून दाखवावे. तो अंग चोरत नव्हता. तो तापाने फणफणत माझी जागा धरून उभा होता.

गाडीत जुळवलेली वाक्ये लांबलचक होती, शाळेतल्या भाषेतली. आता ती आठवत नाहीत, आणि त्यांची गरजही नव्हती. त्या दगडापाशी एवढे बोललो असतो तरी झाले असते:

जोमा, तू दमलेलास. मना दिसलेलं. मी थांबलो नाय.